घरी गेल्यावर होणारी गुठळी : डे-केअर सर्जरीत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

डे-केअर वॉर्डात नुकत्याच आलेल्या नर्स आणि निवासी डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. विषय एकच : ऑपरेशननंतर पायाच्या खोल शिरेत होणारी रक्ताची गुठळी, आणि रुग्ण आपल्या ताब्यात असतो त्या मोजक्या तासांत ती टाळण्यासाठी करायची कामं.

रुग्ण सकाळी येतो आणि संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी जातो. त्यामुळे गुठळीची काळजी मोठ्या ऑपरेशनांच्या वॉर्डांनी करायची, असा समज हळूहळू अंगवळणी पडतो. आकडे तसं म्हणत नाहीत. ब्रिटनमधल्या मिलियन विमेन स्टडी या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. ऑपरेशननंतरच्या १२ आठवड्यांत गुठळीमुळे किती जणी दाखल झाल्या किंवा दगावल्या, हे त्यात पाहिलं होतं. दाखल होऊन ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण १४० जणींमागे एक होतं आणि डे-केअरमध्ये ८१५ जणींमागे एक. ऑपरेशनच न झालेल्या स्त्रियांत तेवढ्याच काळात ६,२०० जणींमागे एक.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला या आकड्यांहून महत्त्वाची वाटते. धोका सर्वांत जास्त होता तो तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. तोवर टाके निघालेले असतात, घरचे निर्धास्त झालेले असतात आणि आपल्या यादीतून ते नाव कधीच गेलेलं असतं. गुठळी आपल्या डोळ्यांसमोर होत नाही, म्हणून ती आपली वाटत नाही. ती आपलीच आहे, हे धरून कामाला लागायचं.

गुठळी होते कशी

एकोणिसाव्या शतकात जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांनी या विषयाचा पाया घातला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणं आजही पुरतात : रक्त संथ होणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. डे-केअरमध्येही तिन्ही एकत्र येतात. पूर्ण भूल दिली की पोटरीचे स्नायू सैल पडतात. एरवी आपण चालताना हेच स्नायू शिरा दाबून रक्त वर ढकलतात, ते काम थांबतं. लॅपरोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने केलेल्या पोटाच्या ऑपरेशनात, गॅस भरला की मोठ्या शिरांवर दाब येतो आणि पायांकडचं रक्त आणखी रेंगाळतं. गुडघ्याच्या ऑपरेशनला मांडीवर टूर्निके, म्हणजे रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा, आवळलेलं असतं. ऊतकांना इजा झाली की गोठण्याची यंत्रणा शरीर स्वतःहून जागी करतं, आणि ती काही आठवडे जागीच राहते. त्यात रुग्ण उपाशी, पाणी कमी प्यालेला आणि घरी गेल्यावर दुखतं म्हणून पडून राहणारा.

पोटरीत झालेली लहान गुठळी बरेचदा आपोआप विरघळते. काही वेळा ती वर मांडीपर्यंत वाढते आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जातो. असं झालं की हाताशी फार वेळ उरत नाही.

पहिली पायरी : ऑपरेशनच्या आधी नीट विचारा

हे काम भूलपूर्व तपासणीच्या दिवशी व्हायला हवं. ऑपरेशनच्या सकाळी सगळ्यांची घाई असते, रुग्ण घाबरलेला असतो आणि काही गोष्टींना तोवर उशीर झालेला असतो. एक उदाहरण घ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा रजोनिवृत्तीनंतरचे हार्मोन चालू असतील, तर ते ऑपरेशनच्या ४ आठवडे आधी थांबवण्याचा विचार करावा, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेचं मार्गदर्शन सांगतं. हा प्रश्न सकाळी ७ वाजता विचारून काय उपयोग? आणि गोळ्या थांबवायच्या असतील, तर तेवढ्या काळासाठी गर्भनिरोधाची दुसरी सोय त्याच बैठकीत सांगायची. हे राहून जातं.

धोका मोजायला बऱ्याच ठिकाणी कॅप्रिनी गुणपद्धत वापरतात. वय ४१ ते ६० असेल तर १ गुण, ६१ ते ७४ ला २, ७५ पासून पुढे ३. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ च्या वर असेल तर १, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर १, हार्मोनच्या गोळ्यांना १. कर्करोगाला २, ४५ मिनिटांपेक्षा जास्त चालणाऱ्या लॅपरोस्कोपीला २. आधी स्वतःला गुठळी झालेली असेल तर ३, जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाला झालेली असेल तरीही ३. पूर्ण तक्ता यापेक्षा बराच मोठा आहे, तो समोर ठेवूनच भरा.

समजा, ५२ वर्षांच्या बाई पित्ताशय काढायला आल्या आहेत, लॅपरोस्कोपी तासभर चालेल, बीएमआय ३१ आहे. वयाचा १, वजनाचा १, ऑपरेशनचे २ असे ४ गुण झाले. रूढ वर्गवारीत हा मध्यम धोका. आता त्यांना विचारलं, “काकू, घरात कुणाला, आईला किंवा भावंडांना, पायात किंवा छातीत रक्ताची गुठळी झाली होती का?” आणि त्या म्हणाल्या, “आईला बाळंतपणानंतर पाय सुजला होता, तेव्हा महिनोन् महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या.” ३ गुण वाढले, ७ झाले. ५ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे जास्त धोका. एका प्रश्नाने सगळी आखणी बदलली.

म्हणून हा प्रश्न “फॅमिली हिस्टरी काही?” असा उरकू नका. त्यावर उत्तर ‘नाही’ असंच येतं. पाय सुजणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, तरुणपणी अचानक झालेला मृत्यू, वारंवार गर्भपात, असे घरच्या माणसाला आठवतील ते शब्द वापरा.

गुणांची बेरीज म्हणजे आदेश नव्हे, हेही तितकंच खरं. ऑपरेशनचा प्रकार आणि भुलीचा एकूण वेळ पाहायचा असतो. ब्रिटनमधल्या मूल्यमापन तक्त्यात भूल आणि ऑपरेशन मिळून ९० मिनिटांच्या वर गेलं, किंवा ओटीपोटाच्या आणि पायाच्या ऑपरेशनला ६० मिनिटांच्या वर गेलं, तर तो स्वतंत्र धोका धरतात. उलट, केवळ जागा बधिर करून केलेलं आणि त्यानंतर माणूस लगेच नेहमीसारखा हिंडूफिरू शकेल असं ऑपरेशन असेल, जसं मोतीबिंदूचं, तर गुठळीसाठी वेगळं औषध सहसा लागत नाही. अमेरिकेतल्या अडीच लाखांहून जास्त डे-केअर रुग्णांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० दिवसांत उपचार लागेल अशी गुठळी सरासरी ०.१५ टक्के रुग्णांना झाली, पण सर्वाधिक धोक्याच्या गटात हेच प्रमाण १.१८ टक्के होतं. सरसकट सगळ्यांना इंजेक्शन देणं जितकं चूक, तितकंच सरसकट कुणालाही न देणं चूक, ते यामुळे.

दुसरी पायरी : रक्तस्रावाची बाजूही त्याच कागदावर

रक्त पातळ करणारं कुठलंही औषध ठरवण्याआधी उलट बाजू लिहून काढा : चालू रक्तस्राव, रक्तस्रावाचा जन्मजात आजार, प्लेटलेट ७५,००० च्या खाली, नुकताच झालेला पक्षाघात, ताब्यात नसलेला खूप वाढलेला रक्तदाब, यकृताचा गंभीर आजार. किडनी नीट काम करत नसेल तर एनॉक्सापॅरिनसारखी औषधं शरीरात साचतात, त्यामुळे क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाची रक्ततपासणी, पाहिल्याशिवाय डोस लिहू नका. ज्यांना आधीपासूनच वॉरफरिन किंवा तत्सम गोळी चालू आहे, त्यांची गोळी कधी बंद आणि कधी पुन्हा चालू, या दोन्ही तारखा लेखी हव्यात. बंद करायची तारीख सगळे सांगतात. चालू करायची राहते आणि माणूस संरक्षणाविना आठवडाभर घरी बसतो.

तिसरी पायरी : ऑपरेशनच्या दिवशी

पाणी आधी. रात्रीपासून कोरडं ठेवायची जुनी सवय अजून बरीच टिकून आहे. विशेष अडचण नसेल तर स्वच्छ पातळ पेय भुलीच्या २ तास आधीपर्यंत चालतं, हे रुग्णाला आदल्या दिवशीच सांगा. यादी पुढेमागे झाली आणि ऑपरेशन दुपारवर गेलं, तर भूलतज्ज्ञांना विचारून त्याला पुन्हा पाणी द्या.

टेबलावर टाचांखाली मऊ आधार द्या, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. गुडघ्याच्या मागे थेट घट्ट उशी मात्र नको, तिथून जाणारी मोठी शीर तिने दाबली जाते. मध्यम किंवा जास्त धोक्याच्या रुग्णाला पायावरचा हवेचा कॉम्प्रेशन पंप लावायचा ठरला असेल, तर तो भूल देण्याआधी चालू करा. स्लीव्ह गुंडाळली, नळी जोडली आणि मशीन बंदच राहिलं, असं प्रत्यक्षात होतं. पोटरीवर हात ठेवून फुगवटा येतो का ते पाहा, मगच चादर टाका.

पायावर दाब देणाऱ्या घट्ट स्टॉकिंग्जबद्दल माझं मत स्पष्ट आहे : धोका मोजलेला नसताना, काहीतरी केल्याचं समाधान म्हणून त्या चढवू नयेत. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या गॅप्स चाचणीत, हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन मिळणाऱ्या रुग्णांना स्टॉकिंग्जची जोड दिल्याने विशेष फायदा दिसला नाही. इंजेक्शन देता येत नाही अशा रुग्णांत त्यांचा विचार होतो. तेव्हाही आधी पायाच्या नाड्या तपासा. पायाला रक्तपुरवठा कमी असेल, मधुमेहाने संवेदना गेलेली असेल, त्वचा नाजूक असेल किंवा पायावर जखमा असतील, तर स्टॉकिंग नको. माप टेपने घ्या, अंदाजाने नाही. वरची कड गुंडाळून खाली येऊ देऊ नका, गुंडाळलेली कड दोरीसारखी आवळते आणि ज्यासाठी घातली त्याच्या नेमकं उलट करते.

चौथी पायरी : चालतं करणं

सगळ्या उपायांत मी याला सर्वांत वर ठेवतो, आणि सर्वांत जास्त हलगर्जीपणाही इथेच होतो. रुग्ण शुद्धीवर आला की झोपूनच पावलं वरखाली करायला लावा, टाच पुढे, बोटं स्वतःकडे, दर तासाला दहा-पंधरा वेळा. शुद्ध पूर्ण आली आणि रक्तदाब स्थिर झाला की आधी खाटेच्या कडेला बसवा, मग आधार देऊन उभं करा, मग चालवा. स्पायनल, म्हणजे पाठीत सुई टोचून कमरेखालचा भाग बधिर करणारी भूल, दिलेली असेल तर पायात ताकद आणि संवेदना परत आल्याची खात्री केल्याशिवाय उठवू नका. पडून हाड मोडलं तर गुठळीचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

बाथरूमपर्यंत एक फेरी झाली म्हणजे ‘मोबिलाइज्ड’ अशी खूण करून मोकळं होऊ नका. रुग्ण का उठत नाही, ते बघा. बहुतेक वेळा कारण दुखणं किंवा मळमळ असतं. दुखत असेल तर चालणार नाही, मळमळत असेल तर पाणी पिणार नाही. म्हणून वेदनाशामक आणि उलटी थांबवणारं औषध वेळेवर देणं हेसुद्धा गुठळी टाळण्याचंच काम आहे. घरी न्यायच्या वेदनाशामक गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी वेळ लावून द्या. ‘दुखलं तर घ्या’ असं सांगितलं की माणूस दुखेपर्यंत थांबतो आणि तोवर पडून राहतो.

पाचवी पायरी : इंजेक्शन, आणि ते देणार कोण

ज्यांना औषध द्यायचं ठरलं, त्यांना बहुतेक ठिकाणी कमी रेणुभाराचं हेपॅरिन देतात. त्यातल्या एनॉक्सापॅरिनचा नेहमीचा प्रतिबंधक डोस दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम, कातडीखाली. स्पायनल किंवा एपिड्युरलचा बेत असेल, तर या डोसनंतर सुई टोचायला निदान १२ तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर मणक्याच्या पोकळीत रक्त साचून पाय कायमचे लुळे पडू शकतात. ऑपरेशननंतरचा पहिला डोस किती वाजता, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञांनी मिळून केसपेपरवर लिहिलेलं असलंच पाहिजे.

डे-केअरची खरी अडचण इथे आहे. पहिला डोस साधारणपणे ऑपरेशननंतर ६ ते १२ तासांनी येतो. ऑपरेशन सकाळी १० ला संपलं, रुग्ण दुपारी ४ ला घरी गेला आणि डोस रात्री ८ चा आहे. मग तो देणार कोण? हे ठरल्याशिवाय रुग्णाला सोडू नका. शिवाय औषध द्यायचं तर ते सहसा निदान आठवडाभर चालतं, काही कर्करोगाच्या ऑपरेशनांनंतर ४ आठवडेसुद्धा. एकच इंजेक्शन टोचून ‘प्रोफिलॅक्सिस दिलं’ असं लिहिण्याने रुग्णाचं संरक्षण होत नाही.

तेव्हा रुग्णाला किंवा घरच्या एखाद्याला इंजेक्शन द्यायला शिकवा, आणि त्यांच्या हातून एकदा करवून घ्या. बेंबीपासून चार बोटं दूर, पोटाच्या बाजूच्या चरबीत, रोज बाजू बदलून. ऑपरेशनचे टाके असतील त्यांच्या जवळ नाही. भरून आलेल्या सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा असतो. तो बाहेर काढायचा नाही, काढताना औषधही जातं. कातडीची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची, औषध सावकाश ढकलायचं आणि सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. नंतर ती जागा चोळायची नाही, नाहीतर मोठा काळानिळा डाग पडतो. वापरलेल्या सुया जाड झाकणाच्या डब्यात टाकायच्या, हेही सांगा. हेपॅरिन प्राण्यांपासून, बहुधा डुकराच्या आतड्यापासून, मिळवलेलं असतं. काही रुग्णांना हे आधी कळायला हवं असतं, आणि पर्यायी औषधांवर बोलण्याची संधी त्यांना मिळायला हवी.

गुडघ्याच्या साध्या आर्थ्रोस्कोपीबद्दल (सांध्यात दुर्बीण घालून केलेल्या ऑपरेशनाबद्दल) वेगळं सांगायला हवं, कारण डे-केअरमध्ये ती सतत होते. नेदरलँड्समधली पॉट-कास्ट चाचणी २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. आर्थ्रोस्कोपीनंतर ८ दिवस हेपॅरिन दिलेल्यांत लक्षणं दाखवणाऱ्या गुठळ्या ०.७ टक्के, न दिलेल्यांत ०.४ टक्के. म्हणजे सरसकट दिल्याने फायदा झाला नाही. त्यामुळे इथे ‘गुडघा आहे ना, मग इंजेक्शन’ असं न करता त्या माणसाचा स्वतःचा धोका पाहून ठरवायचं.

सहावी पायरी : डिस्चार्जची पंधरा मिनिटं

सांगायचं ते रुग्ण पूर्ण जागा झाल्यावर आणि घरचं एक माणूस शेजारी बसवून सांगा. भुलीच्या गुंगीत ऐकलेलं रुग्णाला आठवत नाही. कागद हातात द्या, पण कागदावर भिस्त ठेवू नका.

पायाबद्दल सांगताना माझी पद्धत अशी असते. रुग्णाचे दोन्ही हात त्याच्या दोन्ही पोटऱ्यांवर ठेवायला लावतो. “काका, दोन्हीकडं सारखंच लागतंय ना हाताला? आता रोज अंघोळीच्या वेळी असंच बघायचं. एक पोटरी दुसरीपेक्षा जाड वाटली, कडक किंवा गरम लागली, दुखली, रंग बदलला, तर त्याच दिवशी फोन करायचा. लचक भरली असेल म्हणून चोळत बसायचं नाही.” हाताला समजलेलं माणूस विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

छातीबद्दल मात्र फोनची वाट बघायला सांगू नका. अचानक दम लागणं, खोल श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त पडणं, चक्कर येऊन कोसळणं, यातलं काहीही झालं तर थेट जवळच्या तातडीच्या विभागात जायचं आणि दारातच सांगायचं, “अमुक तारखेला माझं ऑपरेशन झालंय.” हे एक वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घ्या. तीन आठवड्यांपूर्वीचं ‘किरकोळ’ ऑपरेशन पुढच्या डॉक्टरला सांगायचं असतं, हे रुग्णाच्या डोक्यातच येत नाही, आणि मग दम्याचं किंवा ॲसिडिटीचं औषध घेऊन तो परत येतो.

बाकीचं थोडक्यात : जागेपणी तासातासाने उठून चालणं, पुरेसं पाणी, एका जागी पाय लोंबकळत तासन् तास बसणं टाळणं. चार तासांहून लांबचा प्रवास पहिल्या काही आठवड्यांत शक्यतो पुढे ढकलावा. घर तेवढं लांब असेल तर वाटेत थांबून चालावं लागेल, हे गाडी चालवणाऱ्यालाही सांगा. इंजेक्शन चालू असलेल्यांना रक्तस्रावाची लक्षणंही सांगा आणि मनाने दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नका म्हणून बजावा.

सातवी पायरी : फोन

दुसऱ्या दिवशीचा फोन बहुतेक ठिकाणी होतो. “कसं वाटतंय?” असं विचारलं की “बरं आहे” हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा : आज सकाळपासून किती वेळा उठलात? रात्रीचं इंजेक्शन कुणी दिलं? दोन्ही पोटऱ्या पाहिल्यात का? जास्त धोक्याच्या रुग्णांना तिसऱ्या आठवड्यात आणखी एक फोन करावा, असा माझा आग्रह आहे.

कुणी एका पायाची सूज सांगितली तर फोनवर निदान करत बसू नका. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का हे पाहण्याची जुनी चाचणी भरवशाची नाही. गुठळीच्या शंकेत करतात ती डी-डायमर ही रक्ततपासणी घेतली, तर ऑपरेशननंतर तो तसाही वाढलेला असतो, त्यामुळे तो वाढलेला आला तरी त्यातून फारसं काही ठरत नाही. त्या रुग्णाला त्याच दिवशी पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी हवी. सोनोग्राफीला उशीर लागणार असेल तर तोवर उपचार सुरू करायचे का, हे वरिष्ठांना तेव्हाच विचारा.

ऑपरेशननंतर ९० दिवसांत झालेली प्रत्येक गुठळी, निदान दुसऱ्या रुग्णालयात झालेलं असलं तरी, आपल्या वॉर्डच्या नोंदवहीत यायला हवी. त्यासाठी डिस्चार्जच्या कागदावर वॉर्डचा फोन नंबर ठळक अक्षरांत छापा आणि खाली लिहा : “तीन महिन्यांत गुठळीचं निदान झाल्यास कृपया आम्हाला कळवा.” नोंद आली की त्या रुग्णाचा पहिल्या दिवशीचा तक्ता काढून सगळ्यांनी मिळून पुन्हा भरा : कुठला प्रश्न विचारायचा राहिला होता, कुठला डोस कुणाच्याच नावावर नव्हता.